गोदामाईची नाडीपरीक्षा : नदीचे आरोग्य, पाण्याचा हिशेब आणि आपण

पावसाळ्यात नाशिकमध्ये एक प्रश्न घरोघरी विचारला जातो : "पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले?" रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे नाशिककरांचे पूर मोजण्याचे साधन आहे. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीपर्यंत चढले, यावरून भांडीबाजार आणि सराफ बाजारातील दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हे जलसंपदा विभाग जाहीर करतोच. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी, हे ठाऊक नसलेल्या माणसालाही मारुतीची कंबर कळते.

पुरासाठी असे सर्वांना वाचता येणारे माप आपल्यापाशी आहे. नदी आजारी आहे की निरोगी, हे सांगणारे माप मात्र सामान्य माणसाच्या हाती नाही. ते तज्ज्ञांच्या अहवालांत, प्रयोगशाळांच्या तक्त्यांत आणि न्यायालयाच्या कागदपत्रांत असते. आपल्या नाशिक धर्मप्रांताचा बराच भाग गोदावरीच्या खोऱ्यात येतो. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, हरेगाव ही आपल्या ओळखीची गावे गोदावरी आणि तिची उपनदी प्रवरा यांच्याच पाण्यावर उभी आहेत. म्हणून नदीचे आरोग्य तज्ज्ञ कसे तपासतात, पाण्याची वाटणी कशी ठरते आणि त्यांचे मार्गदर्शन कोठे फळाला आले, हे आम्ही या लेखात सोप्या शब्दांत मांडत आहोत.

नदीची प्रकृती सांगणारे तीन आकडे

वैद्य जसा नाडी, ताप आणि रक्तदाब पाहतो, तसे नदीचे परीक्षक प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतात.

पहिली गोष्ट म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. मासे, शंख-शिंपले, पाणकिडे हे सारे याच प्राणवायूवर जगतात. स्नानास योग्य पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्या देशातील निकष आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जैविक प्राणवायू मागणी. 'बीओडी' या नावाने ती वर्तमानपत्रांत येते. पाण्यात मलमूत्र, खरकटे, निर्माल्य असे कुजणारे पदार्थ मिसळले की त्यांचे विघटन करणारे जिवाणू प्राणवायू खाऊ लागतात. पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सिअस तापमानात ३ दिवस ठेवला, तर त्यातील जिवाणू किती प्राणवायू संपवतात, हे या चाचणीत मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी घाण अधिक. स्नानाच्या पाण्यासाठी हा आकडा ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू. १०० मिलिलिटर पाण्यात ते ५०० पर्यंत असावेत आणि कोणत्याही परिस्थितीत २,५०० च्या वर जाऊ नयेत. पाणी दिसायला नितळ असूनही या कसोटीत नापास होऊ शकते. कावीळ, विषमज्वर, अतिसार यांचे मूळ पुष्कळदा अशाच नितळ दिसणाऱ्या पाण्यात असते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते. ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती आणि गोदावरीचा समावेश सर्वांत गंभीर गटात होता. २०२२ च्या अहवालात देशातील पट्टे ३११ पर्यंत कमी झाले, महाराष्ट्राचे मात्र ५५ झाले. ज्या नदीच्या तीरावर आपण वाढलो, तिची ही प्रकृती आहे.

घाण आणि प्रवाह : एकाच दुखण्याच्या दोन बाजू

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. या दीर्घ प्रवासाच्या अगदी प्रारंभी, उगमापासून थोड्याच अंतरावर तिला गंगापूर धरण अडवते. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणाची उपयुक्त साठवण सुमारे ५.६ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट पाणी. सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अहोरात्र २४ तास चालू राहिला, तर एक टीएमसी पाणी वाहून जाते.

धरणातील पाणी शहराला, शेतीला आणि उद्योगांना जाते. त्यामुळे पावसाळा संपल्यावर धरणाखालच्या पात्रात डोंगरावरचे पाणी फारसे उरत नाही. आवर्तन सुटले तर पाणी येते. एरवी नासर्डी, वाघाडी यांसारख्या उपनद्यांतून आणि नाल्यांतून येणारे सांडपाणी, तसेच मलनिस्सारण केंद्रांतून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारे पाणी, हाच पुष्कळसा प्रवाह असतो.

येथे एक साधे गणित पाहू. शहरांतील जुनी मलनिस्सारण केंद्रे सांडपाण्याची बीओडी ३० मिलिग्रॅमपर्यंत उतरवण्याच्या हिशेबाने बांधली गेली. केंद्र अगदी चोख चालले असे मानू. तरीही ३० चे पाणी नदीत ३ वर आणायचे, तर त्याच्या नऊपट आणि तेही पूर्णपणे शुद्ध पाणी नदीत वाहते असावे लागते. पात्र कोरडे असेल, तर हे नऊपट पाणी यायचे कोठून? म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी १० मिलिग्रॅमचा कडक निकष सांगितला. त्यालाही पुन्हा दुपटीहून अधिक शुद्ध पाण्याची सोबत लागतेच.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. नदीतील घाणीचा प्रश्न आणि धरणातील पाण्याच्या वाटपाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. नदी जिवंत राहावी म्हणून पात्रात बारमाही सोडावयाच्या किमान पाण्याला तज्ज्ञ 'पर्यावरणीय प्रवाह' म्हणतात. आपल्या नियोजनात शहराचा, कारखान्याचा आणि शेताचा वाटा लिहिलेला असतो. नदीचा स्वतःचा वाटा मात्र बहुधा शेवटी येतो.

या दुखण्याची झळ नाशिक शहरापेक्षा खालच्या गावांना अधिक बसते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर पोसलेल्या पाणवेली निफाड तालुक्यात चांदोरी-सायखेड्याच्या पुलापाशी येऊन अडतात. त्याच्याही खाली, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या या बंधाऱ्याच्या गाळात पाणथळ जागा निर्माण झाली, देशोदेशींचे पक्षी तेथे उतरू लागले आणि १९८६ मध्ये अभयारण्य झाले. २०२० च्या आरंभी महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची घोषणा झाली. जगाने जपण्यायोग्य मानलेली ही जागा आपल्याच शहराच्या सांडपाण्याच्या वाटेवर आहे, हे विसरून चालणार नाही.

गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध नाशिकमधील नागरिकांनी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, म्हणजे 'नीरी'ची मदत घेतली. शास्त्रज्ञांनी उपाय सुचवले आणि त्यांवर देखरेखीची व्यवस्था झाली. तक्रारीला शास्त्राचा आधार मिळाला, हे या लढ्याचे मोठे फलित आहे. तरीही २०१८ च्या यादीत गोदावरी सर्वांत गंभीर गटातच होती, हेही खरे आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा हा या साऱ्या उपायांच्या कसोटीचा काळ आहे.

पात्र आणि पूररेषा

नदीचे आरोग्य केवळ पाण्यावर ठरत नाही. तिचा तळ आणि काठ हेही तिचेच अवयव आहेत. रामकुंड परिसरातील जुन्या कुंडांवर सुशोभीकरणाच्या नावाखाली काँक्रीट टाकले गेले. त्यामुळे तळाचे जिवंत झरे बुजतात, असा आक्षेप अभ्यासकांनी व गोदाप्रेमी नागरिकांनी घेतला आणि पुढे त्यांतील काही भागांवरील काँक्रीट काढावे लागले.

सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर नाशिकमध्ये पूररेषांची चर्चा घरोघरी पोहोचली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतील जागा नदीची असते. ती कागदावर कोणाच्याही नावे असो, नदी आपला हक्क कधी ना कधी बजावतेच.

वरचे आणि खालचे

पाण्याच्या वाटणीतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे वरच्या आणि खालच्या भागांतील संबंध. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांत धो धो पाऊस पडतो. येवला, सिन्नरच्या पूर्व भागात त्याचा अल्पसा अंशच पडतो. त्याही खाली पैठणला १९७६ मध्ये पूर्ण झालेले जायकवाडी धरण आहे. मराठवाड्याच्या कितीतरी गावांचे पिण्याचे पाणी त्यावर अवलंबून आहे. वरच्या धरणांत पाणी असताना खालचे धरण रिकामे राहिले, तर काय करायचे?

राज्याने २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा केला आणि खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व त्यात घातले. ते अंमलात कसे आणावे, हे सांगण्यासाठी जलतज्ज्ञ हि. ता. मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्याच्या आधारे प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. त्याचा गाभा असा : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत खरिपाचा वापर धरून ६५ टक्के पाणी झाले नसेल, तर वरच्या धरणांनी ठरलेल्या प्रमाणात तूट भरून काढावी. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने हे तत्त्व ग्राह्य धरले. २०२३ मध्ये सूत्राच्या फेरविचारासाठी नवा अभ्यासगट नेमण्यात आला. त्याचे अध्यक्षपद नाशिकच्याच महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे 'मेरी'च्या महासंचालकांकडे होते.

पाणी सोडण्याच्या वेळी दरवेळी आंदोलने होतात. नाशिक-अहिल्यानगरच्या शेतकऱ्याला आपल्या तोंडचा घास काढल्यासारखे वाटते, तर मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हक्क नाकारल्यासारखे वाटते. दोघांचीही व्यथा खरी आहे. अशा वेळी सूत्र ही तज्ज्ञांची मोठी देणगी ठरते. पाणी किती सोडायचे हे ज्याचा आवाज मोठा त्याच्यावर न सोपवता आधी मान्य केलेल्या आकड्यावर सोपवता येते. आकड्यावर वाद जरूर घालावा, तो दुरुस्तही करावा. पण आकडाच नसेल, तर उरते ती केवळ ओढाताण.

नदी शेताच्या बांधावर सुरू होते

नदीचे पाणी वाढवायचे, तर उपाय पात्रात नसून डोंगरमाथ्यावर आहे, हे आपल्याच धर्मप्रांताच्या भूमीत सिद्ध झाले आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी आयुष्याचा मोठा काळ अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत घालवला. दुष्काळात धान्य वाटणे आवश्यक असले, तरी दुष्काळ त्याने हटत नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. फादर बाखर २०२१ मध्ये देवाघरी गेले. संस्थेचे कार्य अनेक राज्यांत पोहोचले आहे.

पाणलोटाचे शास्त्र 'माथा ते पायथा' या तीन शब्दांत सांगता येते. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर खणायचे व झाडे लावायची, मग उतारावरील शेतांची बांधबंदिस्ती करायची आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर बंधारे घालायचे. क्रम उलटा केला, तर पहिल्या दोन-तीन पावसांतच बंधारा गाळाने भरतो. क्रम पाळला, तर पळणारे पाणी चालू लागते, चालणारे थांबते आणि थांबलेले जमिनीत मुरते. मुरलेले पाणी पुढे महिनोन्‌महिने विहिरींना आणि ओढ्यांना पाझरत राहते. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे एकेकाळी टँकरची वाट पाहणारे गाव या कामामुळे प्रशिक्षणाचे केंद्र बनले. तेथे अभियंत्यांची मदत होतीच. पण काम सुरू होण्यापूर्वी गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करावी, ही अट या कार्यक्रमाचा कणा होती. ज्या डोंगरावर आपल्या शेळ्या चरत होत्या, तो डोंगर काही वर्षे बंद ठेवणे गरीब कुटुंबाला किती कठीण जाते, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने पुढचे पाऊल टाकले. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. गावात पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आहे, माणसांना व जनावरांना किती पाणी लागेल, हे ग्रामसभेत मांडून उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यायची ते ठरते. पाऊस कमी झाला, तर रब्बीचे क्षेत्र कमी होते. शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही, हा नियम सर्वांना सारखा लागू असतो.

मोजून घेतलेले पाणी

नाशिक जिल्ह्यात असाच धडा वाघाड प्रकल्पावर मिळाला. दिंडोरी तालुक्यातील या धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटी असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. जलसंपदा विभाग पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून संस्थेला देणार आणि संस्था ते आपल्या सभासदांत वाटणार, अशी ही व्यवस्था होती. पाणी मोजले जाऊ लागल्यावर चोरी आणि उधळपट्टी दोन्ही लपेनात. शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळू लागले. पुढे संपूर्ण प्रकल्पावर संस्था स्थापन झाल्या आणि २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदाही केला.

ही दृष्टी आपल्याकडे अगदी नवी नाही. बागलाण, मालेगाव आणि धुळे परिसरात मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, शेतांचे मोठमोठे फड आणि पाणी फिरवायला नेमलेला पाटकरी, अशी ती रचना होती. पाणी कमी झाले, तर फड कमी भिजवायचे आणि तूट सर्वांनी वाटून घ्यायची, हा दंडक होता. पुष्कळ आधुनिक तज्ज्ञांनी सहभागी सिंचनाचे धडे याच पद्धतीच्या अभ्यासातून घेतले.

आपल्या हाती काय आहे?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्वच्छ पिण्याचे पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत मानवी हक्क असल्याचे सांगितले आणि पाण्याच्या टंचाईचा व अस्वच्छतेचा पहिला फटका गरिबांना बसतो, याकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी १ सप्टेंबर हा सृष्टीच्या संवर्धनासाठी प्रार्थनादिन म्हणून त्यांनी जाहीर केला. हा दिवस आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस येतो. पाण्याचा ताळेबंद मांडायला याहून योग्य वेळ कोणती?

धर्मग्रामांतून तीन साध्या गोष्टी करता येतील. चर्चच्या किंवा शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवावा आणि रोजचा पाऊस फळ्यावर लिहावा. आवारातील विहिरीची पाणीपातळी महिन्यातून एकदा दोरीने मोजून वहीत नोंदवावी. आणि आपल्या घराचे, संस्थेचे सांडपाणी नेमके कोठे जाते, याचा एकदा तरी माग काढावा. ते मलवाहिनीला जोडलेले आहे की मागच्या नाल्यात सोडलेले आहे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. नदीच्या दुरवस्थेबद्दल बोलताना आपण बोट बहुधा दुसऱ्याकडे दाखवतो, आणि नाला मात्र पुष्कळदा आपल्याच कुंपणाखालून जात असतो.

दरेवाडी, हिवरे बाजार आणि वाघाड येथे तज्ज्ञांचे ज्ञान फळाला आले, कारण मोजण्याची पट्टी गावकऱ्यांच्या हाती आली. गोदावरीच्या तीरावर अद्याप तसे झालेले नाही. घाटावर येणाऱ्या प्रत्येकाला आजच्या पाण्यातील प्राणवायू आणि बीओडी मोठ्या अक्षरांत वाचता येईल असा फलक लागावा, अशी मागणी आपण नागरिक म्हणून नक्की करू शकतो. ज्या शहराने मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजायला आपल्या लेकरांना शिकवले, त्या शहराला हे आकडे वाचायला शिकणे मुळीच जड जाणार नाही.